साडेपाचशे किलोच्या गाडीला कोणते इंजिन घ्यावे

चिंचवडमधील एक तरुण अभियंता दोन मित्रांसह नळ्यांच्या चेसिसवर दोन आसनांची गाडी बांधत आहेत. इंजिन आसनांच्या मागे आहे आणि चालकाशिवाय गाडीचे वजन ५५० किलोच्या आसपास राहील असा त्यांचा हिशेब आहे. गाडी ट्रेलरवरून कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायची आणि वर्षातून चार-पाच दिवस मनसोक्त चालवायची, असा बेत आहे. त्यांच्यासमोर दोन इंजिने आहेत आणि दोन्ही मुळात एकाच घराण्यातली, म्हणजे मारुती सुझुकीची १.३ लिटरची, १६ व्हॉल्व्हची. पहिले अपघातात गेलेल्या जुन्या स्विफ्टमधले आहे आणि ते आजवर उघडलेले नाही. दुसरे एका निवृत्त रॅली गाडीतले आहे. त्यात फोर्ज्ड म्हणजे ठोकून घडवलेले पिस्टन, ११.५ कॉम्प्रेशन (मिश्रण साडेअकरा पट दाबले जाते), व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा लांब कालावधीचा कॅम आणि हवा आत सोडणाऱ्या चार स्वतंत्र थ्रॉटल बॉडी आहेत, आणि ते ८,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ८,००० फेऱ्यांना, १३० अश्वशक्ती देते असे विकणाऱ्याचे म्हणणे आहे. त्यांनी मला विचारले आहे की, दीड वर्ष घाम गाळून चेसिस बांधल्यावर त्यात बाजारहाट करणाऱ्या गाडीचे इंजिन बसवायचे का?

माझे उत्तर असे आहे की न उघडलेले इंजिन घ्या, आणि दोन्हींच्या किमतीतला जो फरक वाचेल तो तेल, पाणी, ब्रेक आणि टायर यांच्यावर खर्च करा. मी पुण्यातल्या एका इंजिन कारखान्यात इंजिने चालवून तपासण्याच्या टेस्ट बेडवर नऊ वर्षे काढली आणि त्यानंतर भोसरीतल्या स्वतःच्या शेडमध्ये रॅली आणि ट्रॅकसाठी इंजिने बांधत आलो आहे. ट्यून केलेली इंजिने बांधणे हेच माझे पोट भरण्याचे साधन आहे, त्यामुळे हा सल्ला त्या कामाबद्दलच्या नावडीतून आलेला नाही.

सुरुवात वजनापासून करू. स्विफ्ट २००५ मध्ये आपल्याकडे आली तेव्हा या इंजिनाची ताकद ६,००० आरपीएमला ८७ अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४,५०० आरपीएमला ११३ न्यूटन-मीटर होता. त्या गाडीचे वजन सुमारे १,००० किलो. त्यात ७५ किलोचा चालक धरला तर टनामागे ८१ अश्वशक्ती पडते. तेच इंजिन, काहीही न बदलता, तुमच्या गाडीत घातले तर चालकासह ६२५ किलोमागे ८७, म्हणजे टनामागे १३९ अश्वशक्ती होते. आता ज्या गाडीने हलकेपणाचा धडा आमच्या पिढीला दिला ती १९९६ ची लोटस एलिस पाहा. तिच्यात ११८ अश्वशक्तीचे इंजिन आणि वजन सुमारे ७२५ किलो होते. चालक धरून हिशेब केला तर तो टनामागे १४७ च्या घरात येतो. म्हणजे भंगारातून उचललेल्या स्विफ्टच्या इंजिनाने तुम्ही पहिल्या एलिसच्या अगदी जवळ जाऊन बसता. केटरहॅमने २०१३ मध्ये आपल्या सेव्हन गाडीत सुझुकीचेच ६६० सीसीचे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन घातले, तेव्हा ८० अश्वशक्ती आणि ४९० किलो एवढ्यावरच ती गाडी उभी राहिली. वजन कमी करण्याचे कष्ट तुम्ही आधीच घेतलेले आहेत, आणि त्यांचे फळ म्हणून इंजिनाकडून फार मागण्याची गरज तुम्हाला उरलेली नाही. माणसे बहुधा हाच हिशेब मांडायचे विसरतात आणि जड गाडीला लागणारे इंजिन हलक्या गाडीत शोधत बसतात.

आता ती १३० अश्वशक्ती कुठून येते ते पाहू. १३० अश्वशक्ती ८,००० आरपीएमला मिळत असेल, तर त्या क्षणी इंजिनाचा टॉर्क सुमारे ११४ न्यूटन-मीटर असतो. हे गणित कोणीही कागदावर करून पाहू शकतो. मूळ, म्हणजे न उघडलेल्या, इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क ११३ आहे. म्हणजे रॅलीचे इंजिन त्या ठिकाणी प्रत्येक फेऱ्यामागे मूळ इंजिनापेक्षा जास्त जोर लावत नाही, तेवढाच जोर ते मिनिटात अधिक वेळा लावते. मधल्या टप्प्यात, ६,५०० च्या आसपास, त्याचा टॉर्क थोडा जास्त असेल. पण लांब कालावधीच्या कॅममुळे ३,५०० च्या खाली ते मूळ इंजिनापेक्षा दुबळे असण्याचीच शक्यता मोठी आहे, कारण इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो आणि कमी वेगाला सिलिंडरमध्ये आलेली हवा पुन्हा मागे ढकलली जाते. थोडक्यात, जास्तीची ताकद जवळजवळ सगळी आरपीएम वाढवून काढलेली आहे, आणि आरपीएमची किंमत इंजिनाच्या आतल्या भागांना मोजावी लागते.

ती किंमत वर्गाच्या पटीत वाढते. आरपीएम ६,५०० वरून ८,००० वर नेले की ते २३ टक्क्यांनी वाढते, पण पिस्टनला थांबवून उलट्या दिशेने ओढणारा भार ५१ टक्क्यांनी वाढतो. या इंजिनाचा स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर आहे. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून ३५० ग्रॅम आणि पिस्टनला क्रँकशी (फिरत्या दांड्याशी) जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडची लांबी १२० मिलिमीटर धरली, तर ६,५०० आरपीएमला पिस्टन वरच्या टोकाला पोचताना रॉडवर सुमारे ८२० किलो वजन टांगल्याइतका ताण येतो, आणि ८,००० ला तो सव्वा टन होतो. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी तर वरून दाबणारा जळका वायूही नसतो, त्यामुळे तो पूर्ण ताण रॉडच्या खालच्या टोपीला धरून ठेवणाऱ्या दोन बोल्टांवर येतो. हे प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ४,००० वेळा घडते.

या बोल्टांविषयी मी पुस्तकातून शिकलेलो नाही. पंधराएक वर्षांपूर्वी याच घराण्यातले एक इंजिन मी एका ग्राहकासाठी बांधले. पिस्टन नवे, क्रँक ग्राइंड आणि बॅलन्स केलेला, हेडवर (व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागावर) तीन आठवडे हाताने काम केलेले, आरपीएम रोखणारा लिमिटर ७,८०० वर. रॉडचे बोल्ट मात्र मूळचेच परत वापरले, कारण ते दिसायला उत्तम होते, आटे स्वच्छ होते आणि टॉर्क रेंच व्यवस्थित बोलला होता. तिसऱ्याच दिवशी सरळ रस्त्यावर, कुठलाही आवाज किंवा खडखड आधी न होता, दुसऱ्या सिलिंडरचा एक बोल्ट तुटला आणि रॉड ब्लॉकच्या कुशीतून बाहेर आला. तळहात आत जाईल एवढे भोक पडले. दुसरा बोल्ट अखंड सापडला. त्याच्या गळ्यापाशी व्हर्नियर लावला तर तो आट्यांच्या वरच्या भागापेक्षा जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरने बारीक झालेला होता. म्हणजे तो आधीच ताणला जाऊन पुन्हा मूळ लांबीवर येण्याची ताकद गमावून बसला होता, आणि मी त्याला नव्यासारखे आवळले होते. चूक पूर्णपणे माझी होती आणि ब्लॉकचा खर्च मी भरून दिला. तेव्हापासून माझ्या शेडमध्ये प्रत्येक रॉड बोल्टची लांबी आवळण्याआधी आणि आवळल्यानंतर मायक्रोमीटरने मोजून वहीत लिहिली जाते. तो बोल्ट अजून माझ्या टेबलावर आहे. जो ग्राहक आठ हजारांची भाषा करतो त्याच्या हातात मी तो आधी देतो.

यावरून जास्त आरपीएम म्हणजे कमी भरवसा असा सरसकट निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. १९९९ मध्ये आलेल्या होंडा एस२००० चे दोन लिटरचे इंजिन ९,००० आरपीएमपर्यंत जात असे. त्याचा स्ट्रोक ८४ मिलिमीटर, म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २५ मीटर. तुमचे रॅलीचे इंजिन ८,००० ला फक्त २० मीटर गाठते. तरीही ती होंडा माणसे वर्षानुवर्षे रोज चालवत आली, कारण तिचे रॉड, बोल्ट, तेलाचे मार्ग आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा पहिल्या रेषेपासून ९,००० साठी आखलेल्या होत्या आणि हजारो तास टेस्ट बेडवर झिजवून पाहिलेल्या होत्या. स्विफ्टचे इंजिन साडेसहा हजारांसाठी आखलेले आहे. कोणी तरी, कुठल्या तरी शेडमध्ये, त्याचे काही भाग बदलून ते आठ हजारांवर नेले आहे. न बदललेल्या भागांपैकी कोणता आता आपल्या मर्यादेच्या कडेला उभा आहे, हे तुम्हाला ठाऊक नाही आणि बहुधा विकणाऱ्यालाही नाही. इंजिन किती सोसू शकते आणि आपण त्याला किती सोसायला लावतो, या दोहोंमधल्या अंतराला मी भरवसा म्हणतो. इंजिनाच्या वर्णनात फोर्ज्ड हा शब्द आला म्हणून ते अंतर आपोआप वाढत नाही.

हे अंतर कमी असले की कारखान्यातून आलेले इंजिनही दगा देते, आणि त्याचे उदाहरण एलिसमध्येच आहे. तिच्यातले रोव्हरचे के-सीरिज इंजिन हलके आणि बुद्धिमान होते, पण त्याच्या हेड आणि ब्लॉकमधल्या गॅस्केटची कीर्ती वाईट होती. त्यात पाणी कमी मावत असे, हेडपासून तळाच्या शिडीसारख्या चौकटीपर्यंत सगळे थर लांब बोल्टांनी एकत्र आवळलेले होते, हेड जागेवर धरणारे डॉवेल सुरुवातीला प्लास्टिकचे होते, आणि पाणी तापल्यावर उघडणारा थर्मोस्टॅट इंजिनात पाणी शिरण्याच्या बाजूला होता. त्यात एलिसचे इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे. थर्मोस्टॅट उघडला की लांब नळ्यांमधले थंड पाणी एकदम तापलेल्या इंजिनात शिरायचे आणि हेड व ब्लॉक वेगवेगळ्या गतीने आकसायचे. २००४ पासून लोटसने टोयोटाची १.८ लिटरची इंजिने वापरायला सुरुवात केली.

तुमचीही मांडणी नेमकी तीच आहे, म्हणून इथे जरा थांबतो. रेडिएटर नाकात, इंजिन पाठीत, आणि मध्ये पाण्याच्या दोन लांब नळ्या. स्विफ्टमध्ये रेडिएटर इंजिनापासून हातभर अंतरावर असतो आणि सगळ्यात उंच जागा रेडिएटरच्या झाकणाशी येते, त्यामुळे हवा आपोआप बाहेर पडते. तुमच्या गाडीत सगळ्यात उंच जागा इंजिनाच्या हेडमध्ये येईल. तिथे अडकलेली हवा ही ॲल्युमिनियमच्या हेडची सगळ्यात मोठी शत्रू आहे, कारण तापमापकाचा सेन्सर हवेत असला तर काटा शांत राहतो आणि हेड मात्र वाकत असते. तेव्हा फुगलेले पाणी सामावणारी एक्स्पान्शन टाकी हेडपेक्षा उंच, म्हणजे गाडी उलटल्यास चालकाला वाचवणाऱ्या रोल बारजवळ बसवा. हेडच्या सर्वांत उंच ठिकाणाहून आणि रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातून बारीक नळ्या सतत तिच्यात सोडा. पाणी भरताना गाडीचे नाक जॅकवर उचलून धरा, आणि दोन्ही लांब नळ्या हाताला सारख्या गरम लागेपर्यंत इंजिन सुरू ठेवा. हे काम दोन्ही इंजिनांना सारखेच लागू आहे. पण मूळ इंजिन तुमच्या पहिल्या-दुसऱ्या चुका सोसेल, ११.५ कॉम्प्रेशनचे सोसणार नाही. नवी गाडी म्हटली की अशा चुका होणारच.

तेलाची गोष्ट याहून गंभीर आहे. चांगले टायर लावलेली तुमची हलकी गाडी वळणात गुरुत्वाकर्षणाइतका, म्हणजे १ जी, आडवा जोर सहज गाठेल. १ जी म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑईल चेंबरमधल्या तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. चेंबरमध्ये तेल साडेतीन लिटरच्या आसपास, त्यातले बरेचसे हेडमध्ये वर गेलेले, आणि उरलेले चेंबरच्या एका भिंतीवर चढलेले. पंपाची जाळी उघडी पडते आणि तो हवा ओढू लागतो. रॉड बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या दोन ते पाच शतांश एवढी असते. तेवढ्या जागेत तेलाऐवजी फेस आला की धातू धातूला भिडतो. मूळ इंजिन अशा वेळी साडेपाच-सहा हजारांवर असते आणि पुष्कळदा वाचते. रॅलीचे इंजिन नेमके त्याच वळणात साडेसात हजारांवर असणार, कारण त्याची ताकद तिथेच आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका गाडीत लांब वळणावर तेलाचा दिवा जेमतेम सेकंदभर लुकलुकायचा, आणि सरळ रस्त्यावर प्रेशर पूर्ण दिसायचे. मालक म्हणाले की वायरिंग सैल असेल. मी तेलाचा फिल्टर काढला, पत्रा कापून आतला कागद बाहेर घेतला, पिळला आणि वर्तमानपत्रावर उलगडून उन्हात ठेवला. अर्ध्या तासाने कागद वाळला तेव्हा घडीघडीत तांब्यासारखी बारीक चमक दिसली. लोहचुंबकाला काहीच चिकटले नाही, म्हणजे ते लोखंड नव्हते. चेंबर खोलल्यावर तिसऱ्या रॉडच्या बेअरिंगचा वरचा करडा थर घासून गेलेला आणि खालचा तांबूस थर उघडा पडलेला सापडला. आणखी एक दिवस गाडी चालली असती तर क्रँक गेला असता. इलाज साधा होता. चेंबरच्या आत चार आडव्या पट्ट्या वेल्ड केल्या आणि जाळीभोवती बिजागरीच्या झडपा बसवल्या, ज्या तेलाला आत येऊ देतात पण बाहेर जाऊ देत नाहीत. भोसरीत हे काम कुठल्याही चांगल्या फॅब्रिकेटरकडे होते, फक्त त्याला कागदी नमुना हातात द्यावा लागतो आणि वेल्डिंगनंतर चेंबरचा काठ सपाट आहे की नाही ते काचेवर ठेवून पाहावे लागते.

इंधनाचा मुद्दा तुमच्या प्रश्नात नव्हता, पण तो निर्णायक ठरू शकतो. रॅलीचे इंजिन दहा-बारा वर्षांपूर्वी ट्यून झाले असेल तर त्याचा ईसीयू मॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला इंधनाचा तक्ता, त्या काळच्या पेट्रोलवर बेतलेला आहे. आज पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी १४.७ भाग हवा लागते, तर या मिश्रणाला सुमारे साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन अधिक लागते, आणि जुन्या मॅपवर थ्रॉटल पूर्ण दाबलेला असताना इंजिन कोरडे, म्हणजे लीन चालते. उंच कॉम्प्रेशनच्या इंजिनात लीन मिश्रण म्हणजे तापलेले पिस्टन आणि नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून बसणारे ठोके), आणि नॉकिंग म्हणजे पिस्टनच्या रिंगांमधल्या भिंती तुटणे. मूळ इंजिनाच्या एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो आणि त्याचा ईसीयू काही मर्यादेत स्वतःला सावरून घेतो. थ्रॉटल बॉडीवाल्या जुन्या ईसीयूंपैकी अनेकांना हे जमत नाही. इथेनॉल नॉकिंगला मात्र चांगला विरोध करते. शिवाय पुण्यात १०० ऑक्टेनचे पेट्रोलही डिसेंबर २०२० पासून मिळते, त्यामुळे नव्याने मॅप केल्यास ११.५ कॉम्प्रेशन अशक्य नाही. पण तो मॅप डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), लॅम्बडा (हवा-इंधनाचे प्रमाण) आणि नॉक दोन्ही पाहत, पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल आणि तो खर्च इंजिनाच्या किमतीत धरलेला नाही. पावसाळ्यात तुमची गाडी जून ते सप्टेंबर शेडमध्ये उभी राहणार आहे. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, म्हणून उभी करण्याआधी टाकी आणि इंधनाचे पाइप रिकामे करा. हे दोन्ही इंजिनांना लागू आहे.

आणखी एक लहान गोष्ट. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे आणि तेवढ्याने हवा पाच टक्क्यांहून थोडी अधिक विरळ होते. टर्बो नसलेले कुठलेही इंजिन इथे तेवढी ताकद गमावते. विकणाऱ्याने दाखवलेला डायनोचा कागद कुठल्या गावचा आहे आणि हवेच्या फरकासाठी आकड्यात कुठली दुरुस्ती लावली आहे, हे विचारल्याशिवाय १३० हा आकडा धरू नका.

गिअरबॉक्सचा विचारही याच वेळी करावा लागेल. तुम्ही स्विफ्टचा गिअरबॉक्स आणि ड्राइव्हशाफ्ट तसेच मागे नेणार आहात, आणि तो निर्णय योग्य आहे. समजा दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.९ आणि तिसऱ्याचे १.२८ आहे. आठ हजारांवर दुसरा सोडून तिसरा टाकला की इंजिन ५,४०० वर येऊन पडते. लांब कॅमचे इंजिन सहा हजारांनंतर जागे होत असेल, तर प्रत्येक वेळी तुम्ही झोपलेल्या इंजिनाला उठवत बसणार. जवळच्या गुणोत्तरांचा संच बनवून घेता येतो, पण त्याची किंमत इंजिनाच्या बरोबरीने जाते. मूळ इंजिन ६,३०० वर बदलले तर ४,२५० ला येते, म्हणजे आपल्या टॉर्कच्या शिखरापाशीच. करीची लांबी २.१ किलोमीटर आहे आणि वळणे जवळजवळ आहेत. अशा ठिकाणी वळणातून बाहेर पडताना पायाखाली जे मिळते त्यावर वेळ ठरते, आणि सरळ रस्त्याच्या शेवटी काटा कुठे पोचला याला फारसे महत्त्व उरत नाही.

सुट्या भागांबद्दल फार लिहीत नाही. मूळ इंजिनाचे हेड गॅस्केट, रिंगा, बेअरिंग, टायमिंग बेल्ट हे सगळे नाना पेठेत सकाळी विचारले तर बहुधा संध्याकाळपर्यंत हातात येते. फोर्ज्ड पिस्टनला एक ओरखडा पडला तर तो मागवायचा परदेशातून, आणि चार पिस्टनचे वजन ग्रॅममध्ये जुळले पाहिजे म्हणून बहुधा चारही. तुमचे वर्षातले दिवस पाच आहेत. त्यातले दोन पिस्टनची वाट पाहण्यात गेले तर काय उरते, याचा विचार करा.

कोणी तुम्हाला आजकालचे एक लिटरचे टर्बो इंजिन घ्या असेही सांगेल. चाकणमध्ये बनणाऱ्या फोक्सवॅगन-स्कोडा गाड्यांतले १.० टीएसआय ११५ अश्वशक्ती आणि १७८ न्यूटन-मीटर देते आणि कागदावर ते तुमच्या गाडीला साजेसे आहे. अडचण अशी की डायरेक्ट इंजेक्शन, चोरी रोखणारा इमोबिलायझर आणि गाडीतल्या इतर संगणकांशी चाललेला त्याचा संवाद यांपासून त्याला सोडवणे हा स्वतंत्र प्रकल्प आहे, आणि मागे बसवलेल्या इंजिनाच्या इंटरकूलरला (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाला) हवा पोचवणे हा दुसरा. पहिल्या गाडीत हे दोन्ही करू नका. मोटरसायकलचे इंजिन तर साडेपाचशे किलोसाठी मी सुचवणार नाही. त्याला रिव्हर्स गिअर नाही, आणि त्याचा क्लच दोनशे-सव्वादोनशे किलोच्या वाहनासाठी आखलेला असतो.

ट्यून केलेले इंजिन कधी घ्यावे, याचेही उत्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण अशी इंजिने मी मनापासून बांधतो. ज्या स्पर्धेत नियमांनी वजन ठरवून दिले आहे आणि जिंकण्यासाठी उरलेला एकमेव मार्ग ताकद हाच आहे, तिथे ते घ्यावे. ज्याच्याकडे दुसरे इंजिन तयार ठेवलेले आहे आणि जो तासांची वही ठेवतो, म्हणजे इतक्या तासांनी स्प्रिंगा, इतक्या तासांनी बेअरिंग, इतक्या तासांनी रॉड बोल्ट असे न चुकता बदलतो, त्याने घ्यावे. आणि ज्याची गाडी एक-दोन हंगाम मूळ इंजिनावर चालून तिचे पाणी, तेल, ब्रेक आणि सस्पेन्शन सिद्ध झालेले आहे, त्याने घ्यावे. नव्या चेसिसमध्ये नवे ट्यून केलेले इंजिन घातले की बिघाड झाल्यावर तो कशामुळे झाला हेच कळत नाही.

तरीही मन रॅलीच्या इंजिनाकडेच ओढत असेल, तर पैसे देण्याआधी काही गोष्टी समोर करून घ्या. लीक-डाउन टेस्टमध्ये, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेली हवा किती गळते ते पाहताना, प्रत्येक सिलिंडर १० टक्क्यांच्या आत असावा. वीसच्या वर गेला तर इंजिन उघडावेच लागेल. तेल गरम झाल्यावर प्रत्येक १,००० आरपीएममागे १० पीएसआय प्रेशर हा जुना ठोकताळा अजून उपयोगी आहे. फिल्टर कापून कागद पाहा. कॅम कोणता आहे आणि हेड किती घासले आहे हे लेखी मागा, कारण हेड घासले आणि कॅमची उचल वाढली की व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातली जागा कमी होते आणि बेल्ट एक दात घसरला तरी व्हॉल्व्ह वाकतात. रॉड बोल्ट कधी बदलले हे विचारा. या शेवटच्या प्रश्नाला तारखेसह उत्तर मिळाले नाही, तर ते इंजिन ब्लॉक आणि थ्रॉटल बॉडीच्या भावानेच घ्या.

मूळ इंजिन घेतल्यास मी काय करीन ते क्रमाने सांगतो. हेड उघडणार नाही. टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर, पाण्याचा पंप, क्रँकचे दोन्ही ऑईल सील आणि पाण्याच्या सगळ्या रबरी नळ्या बदलीन. ऑईल चेंबरला वर सांगितलेल्या झडपा लावीन आणि थर्मोस्टॅट असलेला ऑईल कूलर बसवीन. तेलाचे प्रेशर, तेलाचे तापमान आणि पाण्याचे तापमान यांचे तीन स्वतंत्र गेज लावीन, आणि प्रेशर २० पीएसआयच्या खाली आले की डोळ्यांसमोर पेटणारा मोठा लाल दिवा. वळणात माणूस गेज पाहत नाही, दिवा मात्र दिसतो. बाजारात मिळणारा प्रोग्रॅमेबल ईसीयू आणि चार नळ्या एकीत आणणारा, नीट आखलेला फोर-टू-वन एक्झॉस्ट एवढ्यावर थांबेन, आणि लिमिटर ६,५०० वर ठेवीन. यातून काही अश्वशक्ती वाढतील, पण खरा लाभ असा की आजच्या पेट्रोलवर बेतलेला मॅप तुमच्या हातात असेल. मग उरलेल्या पैशातून गाडीचे आणखी ५० किलो वजन उतरवता आले तर पाहा. ५७५ किलोला ८७ अश्वशक्ती म्हणजे टनामागे १५१ होते. हेच ६२५ किलोच्या गाडीत इंजिनातून काढायचे तर सात-आठ अश्वशक्ती वाढवावी लागेल, आणि त्या अश्वशक्तीचा ब्रेक दाबताना किंवा वळताना काहीच उपयोग नसतो. उतरवलेल्या ५० किलोंचा प्रत्येक क्षणी असतो.

तुम्ही पत्रात रविवारी ताम्हिणीत एक फेरी मारण्याचा ओझरता उल्लेख केला आहे. तो बेत सोडून द्या. घरी बांधलेल्या गाडीला टाइप ॲप्रूव्हल आणि नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. विमाही मिळत नाही, आणि घाटात समोरून येणाऱ्या एसटीच्या चालकाला तुमची कमरेएवढी गाडी वळणावर दिसणारही नाही. ट्रेलरवरच न्या.

इंजिनाचे माउंट वेल्ड करण्याआधी एक माप मला कळवा. गाडी चारही चाकांवर उभी असताना, दोन माणसे आत बसवून, चेसिसच्या सर्वांत खालच्या नळीपासून ऑईल चेंबरच्या तळापर्यंत किती अंतर उरते ते मोजा. चेंबर नळीच्या खाली लोंबत असेल तर इंजिन वर उचलावे लागेल, आणि मग एक्स्पान्शन टाकीची उंची, ड्राइव्हशाफ्टचा कोन आणि मागचा पत्रा हे तिन्ही बदलतील. चेंबर निदान १५ मिलिमीटर नळीच्या वर असेल तर माउंट टॅक करा, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी तात्पुरते जोडा, पूर्ण वेल्डिंग मात्र झडपा बसवलेला चेंबर प्रत्यक्ष लावून पाहिल्यावरच करा.